थेंब कोण घालतं?

२ जून
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बुबुळावर ओरखडा आला, हे तू पत्राच्या शेवटी ताजा कलम म्हणून लिहितेस? कमाल आहे तुझी!

आता नीट वाच. आमच्या रुग्णालयात जुन्या रुग्णांचे कागद चाळून एक अभ्यास चाललाय. मनाची धास्ती कमी करणाऱ्या गोळ्या, भावजी गेल्यापासून तू घेतेस तशा, घेणाऱ्यांत असे ओरखडे जास्त दिसताहेत. कारण अजून कळलेलं नाही. गोळी मनाने बंद करू नकोस, पण डॉक्टरांना विचार. पुस्तकं बांधून पोट भरणाऱ्या बाईने डोळ्यांशी खेळू नये.

तुझा रागावलेला,
बारक्या

९ जून
चि. बारक्यास,
अ. उ. आ.

रागावलास, बरं वाटलं. इथे माझ्यावर रागवायला कुणी उरलेलं नाही.

डोळे कोरडे पडतात म्हणून मला थेंब दिलेत. हे होते तोवर थेंब हेच घालायचे. मी खुर्चीत मान मागे टाकायची, हलले की दटावायचे. आता दिवस मावळला की छातीत धडधडतं, म्हणून आधी गोळी घेते, मग आरशासमोर थेंब. तोवर गुंगीने हात जड झालेला असतो. बाटलीचं टोक सरळ बुबुळावर, आणि थेंब गालावर. बघणाऱ्याला वाटेल, बाई रडतेय. बघणारं कोण आहे म्हणा!

थेंब कोण घालतं, हे तुमच्या अभ्यासात कुणी विचारलंय का रे?

आठवण ठेव.
ताई

१४ जून
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नाही विचारलं. साहेबांना सांगितलं, तर एका बहिणीवरून निष्कर्ष निघत नाही म्हणाले. पण प्रश्न टिपून घेतला.

मला इतक्यात रजा नाही. समोरच्या शिवणवाल्या बाईंना सांग ना. मागायला तुझ्या जिवावर येतं, ठाऊक आहे. माझ्यासाठी माग.

तुझाच,
बारक्या

३० जून
चि. बारक्यास,
अ. उ. आ.

मागितलं एकदाचं. त्यांच्या दारापर्यंत जाऊन दोनदा परत फिरले होते.

बाई रोज संध्याकाळी येतात. सुईचा सराव असलेला हात, जराही चुकत नाही. ओरखडा भरलाय. डॉक्टरांनी गोळीही अर्धी केली.

एक सांगते, हसू नकोस. दोन थेंबांना वेळ तो किती लागणार? पण थेंब पडले तरी मी डोळे मिटूनच ठेवते. मिटलेले असेपर्यंत बाई बसून राहतात.

जमेल तेव्हा ये, लोभ आहेच.
ताई