रोझाबाईचं मेणाचं घर

लातूर, मंगळवार, १६ सप्टेंबर १९९७

चर्चची मंडळी घेऊन मातेच्या यात्रेहून सकाळी परतलो. कंबर बोलते आहे, पण मन मजेत. तिथं लोक दुखरा अवयव मेणाचा वाहतात, गुडघ्यासाठी पाय, दम्यासाठी छाती. आमच्या रोझाबाईनं मेणाचं घर घेतलं. भूकंपापासून ही बाई छताखाली झोपलेली नाही. नव्या घरात शिकवणीसाठी आलेल्या भोकरच्या दोन मुली ठेवल्यात, स्वतः मात्र अंगणात खाटेवर.

ते घर वेदीपुढं ठेवून म्हणते, “माय, आधी तू ऱ्हाऊन बघ. पडलं न्हाई तर म्या जाते.”

मातेशी असं बोलावं? मी धर्मगुरू, रागवायला हवं होतं, पण हसू आलं. परतताना गाडीत शाळेत शिकलेल्या, घरावरच्या कविता आठवत बसलो. एकाही कवीनं अशी अट घातल्याचं आठवेना. डोळ्यांपुढं मात्र ते तळहाताएवढं मेणाचं घर.

संध्याकाळी तिच्याकडं डोकावलो, तर बाई एकटीच खाट आत ओढत होती.

“झाली का खात्री?” मी विचारलं.

“भरोसा हाय मायवर, फादर. अन् पोरी बी रातभर वाचत जाग्या ऱ्हात्यात. भिंत हालली तर हाक मारतील.”

मी खाटेची दुसरी बाजू धरली.