तांदळाच्या दाण्याएवढं जास्त

बाबा, उलव्याच्या या घरी गॅलरीत उभं राहिलं की विमानं इतकी खालून जातात की त्यांची चाकं दिसतात. तुम्ही असतात तर रोज चहा गार करून घेतला असता. मला मात्र ती बघवत नाहीत, आवाज आला की मी आत येतो.

पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यात तुम्ही ओतकामाचे लाकडी साचे करायचात. तुमची पट्टी वेगळी होती. तिच्यावरचा इंच नेहमीच्या इंचापेक्षा किंचित लांब, कारण ओतलेलं लोखंड गार झालं की आकसतं, म्हणून साचा आधीच जरा मोठा लागतो. आणि वेड होतं त्या दोघा सायकलवाल्या भावांचं, ज्यांनी पहिलं इंजिनाचं विमान उडवलं. सानपाड्याच्या खोलीत पानावर बसलं की सुरू व्हायचात, "इंजिनाचं कवतिक समदी करत्यात. पंखा लाकडातनं काढलाय लेका त्यांनी, हातानं!" मग त्यांच्या आधी पंख बांधून टेकडीवरून उडणारा एक जण कसा पडला, पाठ मोडून कसा गेला, ते. आई वैतागायची, "जेवताना मढी कशाला आणताय पानात?"

पुढे तुम्हालाच खोकला लागला. कारखान्यातल्या वाळूची धूळ फुप्फुसात बसली होती. सगळा जन्म तोंडाला रुमाल बांधून काम केलंत, मालकाने साधा मास्क दिला नाही, याची चीड मला अजून येते. घरी बसलात आणि त्या भावांच्या विमानाची प्रतिकृती करायला घेतलीत, पलंगाएवढी. डॉक्टर आईशी बाहेर जाऊन बोलले होते, तरी तुम्हाला कळायचं ते कळलं होतं. "एकदा पंखं फिरल्यालं बघतो, मग काय व्हायचं ते हू दे." विमानाच्या पाठीमागे दोन पंखे, शेजारी उभ्या काड्या, मध्ये कागद जाईल एवढीच फट. ते सागाचे पंखे तुम्ही अंथरुणात बसून तासलेत, दम लागला की थांबून.

त्या दुपारी मी तुम्हाला उशीला टेकवून बसवतो. जुन्या मिक्सरची मोटर जोडलेली आहे. बटण दाबतो. टक् असा आवाज होतो, उजवा पंखा काडीवर आपटून उभा चिरतो. डावा पंखा हाताने फिरवून बघतो, तोही अडतो. तुम्ही पट्टी मागता, मापता आणि हसत सुटता, हसता हसता खोकता. "आरं, पंखं तेवढं साच्याच्या पट्टीनं मापलं की मी! तांदळाच्या दाण्याएवढं जास्त. लाकूड कुठं आकसतंय?"

"डावा तरी घासून बसवतो, लगेच होईल," मी म्हणतो.

"उद्या," तुम्ही म्हणता. "आता दमलो."

सकाळी तुम्ही नव्हतात. तुम्हाला खाली जमिनीवर घ्यायला शेजारचे धावून आले, पण कुणाची गरज पडली नाही. मी एकट्यानेच उचललं. आकसला होतात ते तुम्हीच.

डावा पंखा इथे भिंतीवर आहे. सोसायटीतले विचारतात, "शोपीस मस्त आहे हां, कुठून घेतला?" पॉलिश पेपर कधीचा आणून ठेवलाय. पंखा मांडीवर घेऊन बसतोही, आजही बसलोय, घासायचं सोडून हे लिहितोय. हे कुठे धाडायचं नाही, तुमच्या पट्टीखाली राहील. खरं सांगू का, बाबा? तो पंखा फिरायला मला नकोच आहे. तो फिरला की तुमचं ‘उद्या’ संपलं.