टाचेखालचं गवत

प्रिय ताई,

फोन करायला तोंड उरलं नाही, म्हणून लिहितोय. आपलं फुटबॉलचं मैदान आता काय देखणं दिसतं! बारा महिने हिरवंगार. पाणी नको, कापणी नको. कमिटीला हे प्लास्टिकचं गवत मीच तर पटवून दिलं. स्टेडियमचा व्यवस्थापक ना मी, मोठा शहाणा!

तिथे आधी वीटभट्टीचा खड्डा होता आणि बाबांनी कारखान्यातल्या लोकांबरोबर सुट्टीच्या दिवशी पाट्या वाहून तो भरला, हे जेवताना इतक्या वेळा ऐकलंय की तुलाही पाठ असेल. पुढे बाबा तिथलेच माळी झाले. पुरात निम्मं गाव मैदानाच्याच पायऱ्यांवर झोपलं. मॅच संपली की सगळ्यांनी खाली उतरून उखडलेलं गवत टाचेनं दाबून बसवायचं, ही पद्धत बाबांचीच. हरलो तरी दाबायचं. प्रत्येक घराची जागा ठरलेली. आपली डाव्या गोलसमोरची.

जुनं गवत उपटायचं ठरलं, तेव्हा मी बाबांना हवापालट म्हणून आत्याकडे पाठवलं. तिनं विचारलंसुद्धा, तुला बापाची एवढी काळजी कधीपासून? खरं तर मला त्यांच्या नजरेला नजर द्यायची हिंमत नव्हती.

ते परतले ते थेट पहिल्या मॅचलाच. शेवटची शिट्टी झाली आणि सवयीनं सगळे खाली उतरले. उतरले आणि उभेच राहिले. दाबणार काय? कुणीतरी म्हणालं, चपला काढा रे, साहेबांचा गालिचा आहे. सगळे हसले. मीही हसलो. बाबा मात्र काठी टेकत आपल्या जागेवर गेले आणि त्या प्लास्टिकवर टाच दाबत राहिले. मग माझ्याकडे वळून एवढंच म्हणाले, गवत कुठं टाकलंस? ताई, मला ते माहीतसुद्धा नव्हतं. ठेकेदाराच्या ट्रकमधून गेलं, एवढंच ठाऊक. मेल्याहून मेल्यासारखं झालं गं.

तेव्हापासून ते घराबाहेर पडत नाहीत. माझ्याशी बोलतात, पण पाहुण्याशी बोलावं तसं.

लग्न होऊन गेलीस तेव्हा तू मैदानातलं गवताचं एक ढेकूळ डब्यात घालून नेलं होतंस. मी तुला गावभर हसलो होतो. ते तुझ्या दारात अजून जगलं असेल, तर वीतभर कापून ओल्या फडक्यात गुंडाळ आणि घेऊन ये. पोस्टानं पाठवू नकोस, तूच ये. अंगणात खड्डा मी खणून ठेवतो. पण टाचेनं दाबायला बाबांना तू बोलाव. माझी जीभ रेटणार नाही.

तुझाच,
धाकटा