विरजणाची वाटी

आई, आपलं हे सिंदी मेघेतलं भाड्याचं घर मालक विकायला निघाले आहेत. "पह्यला हक्क तुमचा, दिवाळीलोक थांबतो," म्हणाले. अल्लीपूरहून इथे आलो तेव्हा मी दहा वर्षांची होते. आता शाळेच्या ऑफिसातून रिटायर व्हायला आठ वर्षं उरलीत आणि तुझ्या ओट्याशिवाय दुसऱ्या ओट्यावर मला चहा करायचा नाही. म्हणून चैत्रात मोठ्या तोऱ्यात बँकेत गेले. जन्मात कधी कर्ज काढलं नाही, फ्रिजसुद्धा रोखीनं आणला, अशा बाईला बँक आनंदानं कर्ज देईल असं मला वाटलं होतं.

समोरच्या मुलीनं कॉम्प्युटरवर माझं नाव टाकून पाहिलं. "तुमचा स्कोअरच दिसून नाई राह्यला, मॅडम."

"कमी हाय का?"

"कमी नाई, नाईच हाय. तुम्ही कोणाचं काही घेतलंच नाई, तर वापस करता का नाई, हे आमाले कसं समजन?"

मग तिनं शांतपणे समजावलं. थोडी रक्कम ठेव म्हणून ठेवा, तिच्यावर क्रेडिट कार्ड घ्या, महिन्याचा किराणा त्यावर आणा आणि तारखेच्या आत सगळं बिल भरा. सहाएक महिन्यांत तुमचा आकडा तयार होईल. "फक्त तारीख चुकवू नका. एकदा चुकली का लय वर्षं दिसत राह्यते." मी मान डोलावत होते, पण लक्ष तुझ्याकडे गेलं होतं.

इथे आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तू मला समोरच्या काकूंकडे विरजण मागायला पाठवते आहेस. अल्लीपूरहून आणलेलं दही डब्यात आहे, मी पाहिलेलं आहे. "आपल्याकडे हाय न, मंग काऊन मागाचं?" तू हसतेस. "घेतल्याबिगर वापस काय करशील? अन् वापस केल्याबिगर त्या आपल्याले वळखतीन कशा? वाटी नेऊ नको, त्याईच्याच वाटीत आण." काकूंनी पितळेच्या छोट्या वाटीत विरजण दिलं. दुसऱ्या दिवशी त्या वाटीत तू पाटवड्या भरून मला परत पाठवलंस, कारण दुसऱ्याचं भांडं रिकामं द्यायचं नाही.

पाटवड्या मी विहिरीमागे बसून खाल्ल्या. रिकामी वाटी द्यायची कशी, म्हणून ती दप्तरात लपवली आणि तुला सांगितलं, देऊन आले. काकूंनी वाटी मागितली नाही, फक्त आपल्याकडे यायच्या बंद झाल्या. कितीदा भांडी घासता घासता तू म्हणायचीस, "माह्यं काय चुकलं असन वं?" मी पुस्तकात तोंड खुपसून बसायचे. मला तेव्हा तुझी दया येत होती आणि तरी मी बोलले नाही. पण तू काही हटणारी नव्हतीस. त्यांच्याकडूनच सुई मागून आणलीस, संध्याकाळी परत. मग चाळणी, मग पाट. चार वर्षांनी बाबा दवाखान्यात होते, तेव्हा त्याच काकूंनी हातातल्या पाटल्या उतरवून तुझ्या ओंजळीत ठेवल्या आणि कधी देशील हे विचारलंसुद्धा नाही. त्याही तू गहाणातून सोडवून परत दिल्यास.

मी मात्र त्या वाटीनंतर कोणाचं काही घेतलं नाही. लोक त्याला स्वाभिमान म्हणतात, मीही म्हणू देते. खरं तर परत करायच्या वेळी आपण कसे वागतो, हे मला दहाव्या वर्षीच कळलं होतं. या सहा महिन्यांत कार्डाचं बिल मी दर वेळी तारखेच्या आठ दिवस आधी भरलं, बँकेतली ती मुलगी हसायची. काल तिचाच फोन आला, कर्ज मंजूर झालं. घर आपलं झालं, आई. तू हवी होतीस.

काकू अजून समोरच राहतात, आता काठी घेऊन चालतात. वाटी माझ्याकडेच आहे. मी रोज सकाळी बेसन काढते आणि पाटवड्या तुझ्यासारख्या जमणार नाहीत म्हणून ते पुन्हा डब्यात भरते. तुझ्या पाटवड्या कशा लागायच्या हे त्यांना माहीतच नाही, त्या मी एकटीनं खाल्ल्या होत्या.