नियोजित सहकारी अणुवीज संस्था

३ एप्रिल २०१६, सकाळ
साखर कारखान्याच्या संचालकपदाला तीनदा पडलो. दोष मतदारांचा. आता स्वतःचीच संस्था काढतो, म्हणजे चेअरमन मीच. पाटोद्याच्या स्टँडवर एक पुस्तिका मिळाली: अणुवीज. साखर, सूत, दूध सगळं झालं. यात अजून कोणी नाही.

५ एप्रिल
पुस्तिका वाचली. सोपं आहे. युरेनियमचा अणू फुटतो, उष्णता निघते, पाण्याची वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरतं, वीज तयार. मूठभर इंधनात ट्रकभर कोळशाचं काम. धूर नाही, हवा बिघडत नाही. फक्त उरलेला कचरा हजारो वर्षं सांभाळायचा. दूध संस्थेचं गोडाऊन रिकामंच आहे.

७ एप्रिल
लेटरपॅड आणि शिक्का आला. रामहरी गुरुजी म्हणाले, हे काम फक्त केंद्र सरकारचं, आपल्याला परवानगी नाही. गुरुजींना संचालक करायचा विचार रद्द.

९ एप्रिल
शेवटच्या पानावर लिहिलंय, यंत्र थंड ठेवायला भरपूर पाणी लागतं. तांत्रिक मुद्दा. आठ दिवस टँकर नाही, लोक चिडलेत. सभेत ते पान वाचायचं नाही.

१२ एप्रिल, दुपार
दूध संस्थेची सभा. चेअरमन बंकटरावांनी पाच मिनिटं दिली. चाळीस घेतली. बायडाबाई मध्येच म्हणाली, लाइट लई येईल, पन हिरीत पानीच न्हाई तर मोटर उपसंल काय? प्रश्न शेवटी, असं सांगितलं.
तेवढ्यात टँकरचा हॉर्न. सभागृह रिकामं. बंकटरावही पळाले.
डगमगलो नाही. कोरमअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने तिथेच भरते आणि तिला कोरम लागत नाही. ठराव लिहिला. सूचक मी. फक्त अनुमोदक हवा.

१२ एप्रिल, संध्याकाळ
अर्ध्या तासाने बायको आली, मनकर्णा. म्हैस तिच्या नावावर, म्हणजे ती सभासद. म्हणाली, नंबर आलाय, हंडे कोन उचलनार? म्हणालो, आधी अनुमोदनाची सही कर. पेन घेतलं तिने. मग विचारलं, या भट्टीला रोज किती हंडे पानी लागतंय?
खोटा आकडा तयार होता. पण बाई सकाळपासून उन्हात रांगेत उभी होती. लाज वाटली. म्हणालो, आधी आपले चार नेऊ.
दोन तिने घेतले, दोन मी. मारुतीच्या पारापाशी मला ठेच लागली. घरी तीनच पोचले.
मनकर्णाने चौथा हंडा दारात उपडा घातला. भांडली असती तर बरं झालं असतं.