तिसऱ्या पानावरचा अंगठा

अब्बा, कचेरीच्या रस्त्यावर ज्या चिंचेखाली तुम्ही मला घेऊन गेला होतात, तिच्या बरोबर समोरच्या कडुनिंबाखाली मी आता बसतो. पत्र्याची पेटी आहे, दोन दौती आहेत, टिपकागद आहे, आणि कागद उडू नयेत म्हणून नदीतला एक चपटा दगड. लोकांचे अर्ज लिहितो. तुम्ही गेलात त्याला दहा वर्षं झाली. मी फायनलला गणितात नापास झालो तो झालोच, पुन्हा बसलो नाही. पण माझ्या हातून गेलेल्या अर्जात आजवर एक वेलांटी चुकलेली नाही. ही जागा मी सावलीसाठी निवडलेली नाही. समोर तो अर्जनवीस बसतो, ज्याला तुम्ही भाऊसाहेब म्हणायचात, म्हणून निवडली. त्याला रोज मी दिसावं आणि मला रोज तो दिसावा, एवढ्यासाठी.

सगळं पेपरापासून सुरू झालं. थंडीचे दिवस, जुम्म्याची नमाज झालेली, मशिदीच्या ओट्यावर उन्हाला घोटावडे, चांदे, नांदे या गावांतली आपली माणसं बसलेली, आणि मी एसटीनं आलेला आदल्या दिवशीचा पेपर मोठ्यानं वाचतोय. सुएझच्या लढाईची बातमी होती. तिच्याखाली चार ओळींत लिहिलं होतं, की पॅलेस्टाईनचे लोक आठ-नऊ वर्षं तंबूतच राहतात, त्यांना त्यांच्या गावी परत जाऊ देत नाहीत. तुम्ही म्हणालात, "झोपतात कशावर?" मी म्हणालो, पेपरात ते दिलेलं नाही. "मग पेपरवाल्यानं बघितलं तरी काय?" मुलाणीचाचा हसले. "पिंजाऱ्याला आता साऱ्या दुनियेच्या गाद्या भरायच्यात." तुम्ही हसला नाहीत. "भरीन की. कापूस द्या." मग थोड्या वेळानं म्हणालात, "कापूस काय पोचायचा न्हाई. अर्ज पोचंल." त्याच ओट्यावर ठरलं, की आपण मुळशीतल्या मुसलमानांनी मिळून युनोला अर्ज करायचा, त्या लोकांना घरी जाऊ द्या म्हणून.

तुम्ही सांगत गेलात, मी लिहीत गेलो. आम्ही कष्ट करून खाणारी माणसं आहोत. त्या लोकांची घरं त्यांना परत द्यावीत. कुणाची जमीन घ्यायची असेल तर आधी त्याला विचारावं. आणि तंबूत खालून ओल येते, तिच्यावर लेकरं निजवू नयेत, खाली घालायला काहीतरी द्यावं. ही शेवटची ओळ मला अर्जात शोभेना. मी म्हणालो, एवढ्या मोठ्या कचेरीला असं लिहीत नाहीत. तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे. त्येवढीच मला कळती." ती ठेवली. पण एका शब्दावर मी तुमचं ऐकलं नाही. तुम्ही फिलिस्तीन म्हणत होतात. पेपरात पॅलेस्टाईन छापलं होतं, आणि छापलेलं तेच शुद्ध असं मला तेव्हा वाटायचं. "आपल्या मानसांला फिलिस्तीन म्हाईत हाय," तुम्ही म्हणालात. मी चारही ठिकाणी पॅलेस्टाईन लिहिलं.

महिनाभर तुम्ही खांद्यावर कापसाचं पिंजण टाकून हिंडलात आणि मी मागून कागद आणि शाई घेऊन. जिथे कापूस पिंजायचा तिथल्या आपल्या घरांत अंगठे घ्यायचे. हिंजवडीला एका मराठ्यांच्या घरी तुम्ही गादी उसवून बसला होतात, अंगभर कापूस, पिंजणाच्या तातीचा टंग टंग आवाज चाललेला. घरची म्हातारी माझ्या कागदाकडे बघत होती. "कशाचं रं त्ये?" तुम्ही सांगितलं. ती म्हणाली, "माजं म्हायेर धरनाच्या पान्याखाली हाय. घे माजा बी." मी म्हणालो, आजी, हा आमच्या जमातीचा अर्ज आहे. तुम्ही पिंजण थांबवलंत. "मानूस अंगठा देतंय न् तू जमात इचारतोस? शाई काढ." तिच्यासमोर बोललात म्हणून मला राग आला होता. तिनं अंगठा उठवला आणि मला म्हणाली, "बाप शाना हाय, तू लई शिकलाईस."

मग इंग्रजी करायचा प्रश्न आला. तालुक्यात इंग्रजी येतं असं फक्त तो अर्जनवीसच सांगायचा. त्यानं पानं चाळली, म्हणाला, "करून देतो तर्जुमा, पाठवूनही देतो, पण मला बसायला एक गादी लागेल. जमीन कडक आहे इथली." तुम्ही चांगला धुतलेला कापूस घालून गादी केलीत, चारी बाजूंनी दुहेरी टाका. मी ती डोक्यावरून नेली. दोन महिन्यांनी विचारलं तर म्हणाला, "गेला की. बोटीनं जातो, वेळ लागायचाच."

आणि मग तो बाजारचा दिवस. आपण दोघं हॉटेलाच्या दारात होतो. आत तो बाकावर उभा राहून आपला अर्ज वाचत होता. माझ्या अक्षरातली तीच पानं, अंगठ्यांसकट; अर्ज कुठे गेलाच नव्हता. युनोला, म्हणजे कुणाला, ते हातवारे करून दाखवत होता. माणसं चहा सांडेपर्यंत हसत होती. त्यानं तुम्हांला पाहिलं आणि म्हणाला, "या मियाँ, या. काय प्यालेस? टाईन? दारूबंदीत हे कुठं मिळतं, आम्हांला पण सांग." पाच वक्त नमाज पढणाऱ्या, त्याच्याहून वयानं मोठ्या माणसाला, अरेतुरे करून. तो शब्द मी घातला होता. तुमचा शब्द ठेवला असता तर त्याला ही कोटी सुचली नसती. हे मला त्याच क्षणी, दारातच, कळलं. तुम्ही त्याचं वाचन पुरतं होऊ दिलंत. मग म्हणालात, "भाऊसाहेब, तुमी वलीची वळ गाळलीत. लेकरांची." लोक आणखी हसले. मी तुमच्या हाताला धरून ओढलं, तर तुम्ही म्हणालात, "थांब, वाचू दे त्येला." त्यानं ती वाचली नाही. पानांची सुरळी केली आणि बाकाखाली टाकली. मला वाटलं तुम्ही ती उचलाल, तुम्हांला वाटलं असेल मी उचलीन.

त्यानंतर तुम्ही कुठल्याही गावात शिरलात की पोरं ओरडायची, प्यालेस टाईन आलं. गादी भरून घेणाऱ्या बायासुद्धा म्हणायच्या, "टाईनमामा, उशीत कापूस जास्त घाला." तुम्ही "व्हय" म्हणायचात. पुढच्या थंडीत खोकल्यानं तुम्ही अंथरूण धरलंत, आणि ज्या दिवशी गेलात त्या दिवशी मी कफन आणायला निघालो, तर रस्त्यात एकानं दुसऱ्याला माझ्या देखत सांगितलं, "आरं, पॅलेस्टाईन वारला." तो चांगला माणूस होता, नंतर खांदा द्यायलाही आला. त्याला तुमचं दुसरं नाव माहीत नव्हतं. ते वाक्य मी दहा वर्षं जपून ठेवलं आहे, आणि ते मी अर्जनवीसाच्याच नावावर मांडलं आहे.

मारामारी मला येत नाही, हे तुम्हांला माहीत आहे. मी समोर पेटी मांडली. त्याचे अर्ज लोकांच्या हातात दिसले की वाचायला मागायचो आणि चुकांवर बोट ठेवायचो. हळूहळू लोक आधीच माझ्याकडे दाखवायला आणू लागले. मग शुद्धलेखनाचे नवे नियम आले. शब्दांवरचे जुने अनुस्वार गेले, 'विनंति' जाऊन 'विनंती' आली. तो जुनंच लिहीत राहिला. मी लोकांना सांगू लागलो, की जुन्या पद्धतीचा अर्ज आता साहेब वाचतच नाहीत, तसाच बाजूला टाकतात. हे खोटं होतं. मी ते बेधडक सांगितलं, रोज सांगितलं, त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं. एकेक करून त्याची माणसं रस्ता ओलांडून माझ्याकडे आली. गेली दोन वर्षं चिंचेखाली कुणी थांबत नाही. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, हात कापतो, आणि तो तुमच्या गादीवर बसतो. ती पोळीसारखी चपटी झाली आहे, पण टाका कुठे सुटलेला नाही. मला त्याची दया आली नाही. रोज सकाळी पेटी उघडताना बरं वाटायचं.

यंदा जूनमध्ये तिकडे पुन्हा लढाई झाली, पुन्हा माणसं तंबूत आली. जमातीनं पुन्हा अर्ज करायचं ठरवलं आणि तो मी लिहिला. या वेळी फिलिस्तीन लिहिलं. तुमची ओलीची ओळ घातली. चांदे गावच्या, पुण्यात कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या एका मुलानं इंग्रजी करून दिलं, पत्ताही आणला. अंगठे माझ्या पेटीवरच घेत होतो. एका बाजारच्या दिवशी अर्जनवीस काठी टेकत रस्ता ओलांडून आला.

"कसली गर्दी आहे?"

"अर्ज आहे. फिलिस्तीनच्या लोकांचा."

"हां. काल कुणीतरी पेपर वाचून दाखवला. पुन्हा तंबूत घातलंय म्हणे त्यांना. वाईट झालं. आण, मी सही करतो."

"सही चालत नाही. अंगठा."

"अरे, जन्मभर मी लोकांचे अंगठे घेतले."

"मग कसा द्यायचा ते तुम्हांला ठाऊक असेल."

कुणीतरी हसलं. त्यानं काठी काखेत धरली आणि हात पुढे केला. मी त्याचं मनगट धरलं, अंगठा दोनदा शाईत बुडवला आणि कागदावर दाबला, गरजेपेक्षा जास्त दाबला. इतक्या वर्षांची वाट पाहिली ती याच घटकेची, असं मला वाटलं. मग मी विचारलं, "घोटावड्याचा पिंजारी आठवतो का? तुमची बसायची गादी त्यानं भरली होती." तो माझ्या आवाजाच्या दिशेनं बघत राहिला. "पिंजारी पुष्कळ यायचे रे," म्हणाला. "ती गादी मी बाजारात घेतली असेल. चांगली निघाली." अंगठा धोतराला पुसला आणि परत गेला.

त्याला काही आठवत नाही, अब्बा. खोटं बोलताना माणूस कसा दिसतो ते मी रोज बघतो. तो खोटं बोलत नव्हता. मी दहा वर्षं ज्याच्याशी भांडलो त्याला भांडण माहीतच नाही.

त्याचा अंगठा तिसऱ्या पानावर आहे, वरून सहावा. त्याचं नाव तुमच्या अर्जाला लागून युनोपर्यंत जाणार, हे मला सहन होत नाही. ब्लेडनं खरवडून पाहिला. कागद पातळ आहे, आरपार भोक पडेल. पान बदलावं तर त्याच पानावर चांद्याच्या मुलाच्या आजीचा अंगठा आहे, आणि आजी गेल्या आठवड्यात वारल्या. काल जुम्म्यानंतर ओट्यावर त्या मुलानं विचारलं, अर्ज गेला का. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, गेला, आता पोचायला वेळ लागायचाच. तुम्हांला खरं सांगतो, तो माझ्या पेटीत आहे. आज सतरा दिवस झाले.