गाडीच्या दारात गेलेला ताग

मालजा,

तुला थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. छातीतली धडधड कशी आहे? डॉक्टर पुढच्या मंगळवारी नक्की ऑपरेशन करणार ना, की पुन्हा तारीख पुढे ढकलणार? (डॉक्टरांवर माझा काडीचा विश्वास नाही. पण तुझा आहे, म्हणून गप्प बसते.) इकडे आन्दोंगला सगळं ठीक आहे, फक्त घरात चोर शिरलाय.

मरणाचं तागाचं कापड अधिक महिन्यात शिवून ठेवलं की ज्याचं त्याचं आयुष्य वाढतं, हे तुला वेगळं सांगायला नको. त्यासाठी गेल्या वर्षीचा सगळ्यात उजवा ताग लाल दोऱ्याने बांधून मी माळ्यावर ठेवला होता. अधिक लागला, दुसऱ्याच दिवशी शिडी लावून वर चढले, तर माळा रिकामा. सुकवलेल्या मिरच्या जागच्या जागी, गाठोडं तेवढं गायब. आता नवा ताग सोलायचा, नखांनी चिरायचा, मांडीवर वळायचा, विणायचा, तोवर महिना संपून जायचा. मला रडूच आलं.

पहिला संशय शेजारच्या फिल्न्योवर. ती सोयाबीनचं तिखट मागायला आली होती आणि वाटी माझ्या हातात देऊन माळ्याकडे बघत होती. चार दिवस मी तिच्या अंगणातल्या वाळवणावर डोळा ठेवला. मग सुनेवर. (सून चोर नाही, पण तिला जुनं टाकून द्यायची फार हौस.) तुझ्या दाजींवर मात्र संशय आला नाही, कारण त्या आठवड्यात त्यांनी दोन खारवलेले बांगडे आणले होते आणि मीच ते मिटक्या मारत खाल्ले. कोणी न सांगता हा माणूस बाजारातून काही आणतो, तेव्हाच ओळखायला हवं होतं.

परवा रविवारी तुझा साङ्गू गाडी घेऊन आला. कारखान्यात नवीन दार केलंय, स्वतःच्याच गाडीला लावून बघतोय, म्हणे. "मावशी, हात लावून बघ. आत ताग आहे. प्लास्टिकबरोबर गरम करून दाबलाय. पत्र्याहून हलका."

मला आधी वाटलं, लोखंड महागलं म्हणून लोकांना फसवतायत. मग वाटलं, मेलेल्याचं कापड भोवती गुंडाळून हा पोरगा हमरस्त्यावर पळतो, ह्याला कोणी सांगितलं नाही का? दारावर अजून वरचं कापड चढवलेलं नव्हतं, तागाचे तंतू उघडे दिसत होते. चष्मा लावून वाकले. खिडकीच्या काचेखाली, बोटभर लांब, माझा लाल दोरा.

मी नुसतं वळून दाजींकडे बघितलं. विचारायच्या आधीच ते म्हणाले, "मला काय ठाऊक! तो म्हणाला गाडीला ताग हवाय. मला वाटलं टपावर सामान बांधायला." बांगड्यांचे पैसे कुठून आले ते तेव्हा कळलं. दोन दिवस त्यांना नुसता भात आणि मुळा वाढतेय.

असो. औषधं वेळेवर घे. नवऱ्याला शिडीजवळ फिरकू देऊ नकोस.

तुझी,
मालसुनअक्का

ता. क. : साङ्गूला म्हणावं, ते दार काढून मावशीला परत दे. नुसतं सॉरी नको.

ता. क. २ : नको, काही काढू नका. पत्र लिहून झाल्यावर मी साङ्गूला फोन केला, दार कधी दाबलं म्हणून विचारलं. त्याने कारखान्याची तारीख सांगितली, मी पंचांगात बघितली. अधिकाचा चौथा दिवस. आणि मरणाच्या कापडाच्या शिवणीत गाठ चालत नाही, आणि दाराला तर शिवणच नाही. म्हणजे रीतीप्रमाणे सगळं झालंय. मालजा, ते गाठोडं माझं नव्हतं. तुझ्या छातीचं कळलं, तेव्हापासून तुझ्यासाठी राखून ठेवलं होतं. मंगळवारी त्याच गाडीतून जा, दाराला टेकून बस. आणि येताना त्याच बाजूने उतर.